मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक : लोक, शासन व राजकारण

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक : आफ्रिका खंडाच्या मध्यभागातील एक भूवेष्टित देश. क्षेत्रफळ ६,२२,९८४ चौ. किमी. लोकसंख्या सु. ३९ लक्ष (२००३ च्या जनगणनेनुसार). त्यानंतरचे अंदाज ५० लक्षांच्या पुढे जातात. याच्या उत्तरेस चॅड, ईशान्येस सूदान, आग्नेयीस दक्षिण सूदान, दक्षिणेस काँगो लोकशाही प्रजासत्ताक व काँगो प्रजासत्ताक आणि पश्चिमेस कॅमेरून हे देश आहेत. ऊबांगी नदीकाठी वसलेले बांगी हे राजधानीचे शहर. फ्रेंच अंमलात हा प्रदेश ऊबांगी-शारी या नावाने ओळखला जाई. दक्षिणेकडे वाहणारी ऊबांगी आणि उत्तरेस चॅड सरोवराकडे जाणारी शारी या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधील हा जलविभाजक पठारी प्रदेश होय. समुद्र सर्व बाजूंनी दूर, रेल्वे नाही आणि पावसाळ्यात ईशान्येकडील बीराओसारख्या भागाचा राजधानीशी संबंध कित्येक महिने तुटलेला, या भौगोलिक वस्तुस्थितीचा येथील शासनव्यवस्थेवर फार खोल परिणाम झाला आहे. बांगीत सत्ता आहे म्हणजे देशात सत्ता आहे असे या राष्ट्राच्या बाबतीत क्वचितच म्हणता आले.

लोक व समाजजीवन : देशात लहानमोठ्या अनेक जमाती आहेत. पश्चिमेकडील ग्बाया (बाया) आणि मध्य व पूर्व भागांतील बांदा या दोन जमातींची मिळून लोकसंख्या एकूण लोकसंख्येच्या निम्म्याहून अधिक भरते. त्यांखालोखाल मध्यभागातील मांज्या, उत्तरेकडील सारा व म्बूम, आग्नेयीकडील झांदे व न्झाकारा यांचा क्रम लागतो. ऊबांगी नदीकाठचे याकोमा आणि नैर्ऋत्येकडील लोबाये वनप्रदेशातील म्बाका हे संख्येने अल्प. परंतु नदीमार्गाने आलेले फ्रेंच अधिकारी व ख्रिस्ती मिशनरी यांच्याशी त्यांचा संबंध प्रथम आला. शाळा, कारकुनी व लष्करभरती यांचा लाभही त्यांनाच आधी मिळाला. स्वतंत्र राष्ट्राच्या पहिल्या तीन दशकांतील बहुतेक सत्ताधारी या नदीकाठच्या अल्पसंख्य समाजांतून आले, याचे कारण येथे आहे. ‘नदीकाठचे’ आणि ‘गवताळ प्रदेशातले’ हा भेद पुढे राजकीय संघर्षाचे परवलीचे शब्द बनून राहिला. लोबायेच्या अरण्यात आका पिग्मी लोक शिकार व मध-कंदमुळे यांवर गुजराण करतात. शेजारच्या शेतकरी जमाती त्यांना दीर्घकाळ आपले ताबेदार मानीत आल्या आहेत. म्बोरोरो हे फुलानी पशुपालक १९२० नंतर कॅमेरूनमधून मोठ्या संख्येने आले. ईशान्येकडील गुला व रूंगा जमाती आणि शहरांतील हौसा व चॅडी व्यापारी हे मुस्लिम आहेत. ख्रिस्ती धर्मीय बहुसंख्य असून मुस्लिमांचे प्रमाण साधारणतः १० ते १५ टक्के मानले जाते. मात्र पारंपरिक श्रद्धा व विधी दोन्ही धर्मांच्या अनुयायांत टिकून आहेत.

जमातींच्या या विविधतेत सांगो भाषा हा मोठा दुवा आहे. नदीकाठच्या न्ग्बांदी भाषेपासून ती निघाली आणि वसाहतकाळात शिपाई, हमाल, नावाडी व धर्मोपदेशक यांच्या तोंडी ती देशभर पसरली. १९६४ मध्ये तिला राष्ट्रभाषेचा व १९९१ मध्ये फ्रेंचबरोबर राजभाषेचा दर्जा मिळाला. जवळजवळ सर्व नागरिकांना समजणारी एकच आफ्रिकी भाषा असणारे देश आफ्रिकेत फार थोडे आहेत. तरीसुद्धा ज्या देशाला भाषेचे हे ऐक्य लाभले, त्याच देशात नागरिक कोण आणि परका कोण हा प्रश्न रक्तपातास कारण झाला, ही त्याच्या आधुनिक इतिहासातील मोठी विसंगती होय.

इतिहास : एकोणिसाव्या शतकापूर्वी येथे विस्तृत राज्ये नव्हती, गावप्रमुख व कुलप्रमुख यांच्या अधिकारापलीकडे सत्ता जात नसे. त्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेकडून व पूर्वेकडून गुलामांसाठी होणाऱ्या स्वाऱ्यांनी हा प्रदेश उद्ध्वस्त केला. सूदानी सरदार राबिह व त्याने दार अल्-कूतीत नेमलेला महंमद अल्-सनूसी यांच्या सैन्यांनी बांदा लोकांची वस्ती असलेला पूर्वभाग इतका ओसाड केला की, तेथील लोकवस्ती अद्यापि अत्यंत विरळ आहे. राबिह १९०० मध्ये कूसेरीच्या लढाईत मारला गेला. एन्देले येथे राजधानी करून राहिलेल्या अल्-सनूसीशी फ्रेंचांनी आधी तह केले आणि १९११ मध्ये त्यास ठार केले. या स्वाऱ्यांची आठवण पुढे शतकभराने मुस्लिमविरोधी प्रचारात वापरली गेली.

फ्रेंचांनी १८८९ मध्ये बांगी येथे ठाणे वसविले. १९०३ मध्ये ऊबांगी-शारी ही वसाहत अस्तित्वात आली व १९१० पासून ती ब्राझाव्हिल येथून शासित होणाऱ्या फ्रेंच विषुववृत्तीय आफ्रिकेचा घटक बनली. या प्रदेशावर खर्च करण्याची पॅरिसची इच्छा नव्हती. म्हणून १८९९ मध्ये फ्रेंच काँगोतील बहुतेक जमीन सु. ४० खाजगी कंपन्यांना तीस वर्षांच्या मक्त्याने देण्यात आली. रबर व हस्तिदंत यांवर कंपनीचा हक्क, डोईपट्टी वसूल करण्यास सरकारी शिपाई आणि पट्टी भरण्यासाठी कंपनीला मातीमोल भावाने रबर आणून देणारा शेतकरी, अशी ही व्यवस्था होती. पुरुष रबर आणीपर्यंत त्यांच्या बायकामुलांना ओलीस ठेवण्याची रीत सर्रास चाले. १९०४ मध्ये लोबाये भागातून आणून बांगी येथे एका कोठडीत कोंडलेल्या ५८ स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक स्त्रिया गुदमरून व उपासमारीने मेल्या. मध्यभागातील मांज्या लोकांच्या वाट्याला ओझी वाहण्याचे काम आले. चॅडकडील फौजांचा सर्व सरंजाम ऊबांगीच्या खोऱ्यातून शारीच्या खोऱ्यापर्यंत माणसांच्या डोक्यावरून जाई. वेठीच्या भीतीने गावेच्या गावे रानात पळाली, शेते पडीक राहिली आणि दुष्काळ व निद्रारोग यांनी उरलेल्यांना गाठले.

१९०३ च्या १४ जुलै रोजी, म्हणजे फ्रेंच राष्ट्रीय दिनीच, फोर क्रांपेल (सध्याचे कागा-बांदोरो) येथे एका आफ्रिकी कैद्यास सुरुंगाच्या दारूने उडवून देण्यात आले. या प्रकरणी तोके व गो या दोन अधिकाऱ्यांवर १९०५ मध्ये खटला चालून प्रत्येकी पाच वर्षांची शिक्षा झाली. फ्रान्समध्ये गवगवा झाल्यामुळे सरकारने प्येअर द ब्राझा या वृद्ध प्रवाशास चौकशीसाठी पाठविले. परतीच्या वाटेवर सप्टेंबर १९०५ मध्ये तो डाकार येथे मरण पावला. त्याच्या चौकशीवर आधारलेला अहवाल शासनाने दडपून ठेवला. तो छापून प्रसिद्ध व्हावयास २०१४ साल उजाडावे लागले. मार्तीनीकमध्ये जन्मलेला व ऊबांगी-शारीत अधिकारी असलेला रने मारां याच्या बातुआला या कादंबरीस १९२१ मध्ये गाँकूर पारितोषिक मिळाले. तिच्या प्रस्तावनेतील वसाहतशाहीवरील टीकेमुळे त्याचे नोकरीत राहणे अशक्य झाले. आंद्रे झीद याने १९२५-२६ मधील प्रवासानंतर लिहिलेल्या वृत्तांतामुळे मक्तेदार कंपन्यांचा प्रश्न फ्रेंच संसदेपर्यंत पोहोचला.

वेठ मात्र संपली नाही. तिचे रूप तेवढे बदलले. काँगो-महासागर रेल्वेच्या (१९२१–३४) बांधकामावर ऊबांगीतून हजारो मजूर सक्तीने नेण्यात आले व त्यांतील कित्येक परतले नाहीत. १९२० नंतर सक्तीची कापूसलागवड सुरू झाली. या सर्वांविरुद्ध १९२८ मध्ये पश्चिमेकडील ग्बाया लोकांत कार्नू नावाच्या एका साधुपुरुषाच्या प्रेरणेने उठाव झाला. त्याने प्रथम अहिंसक असहकार व युरोपीय मालावरील बहिष्कार यांचा उपदेश केला होता आणि अनुयायांना कुदळीच्या दांड्यासारखी लहान काठी खूण म्हणून दिली होती. यावरून उठावास ‘काँगो-वारा’ म्हणजे कुदळीच्या दांड्याचे युद्ध असे नाव पडले. डिसेंबर १९२८ मध्ये कार्नू मारला गेला, तरी लढा १९३१ पर्यंत चालला आणि शेजारच्या कॅमेरूनमध्येही पसरला. दोन महायुद्धांच्या दरम्यान आफ्रिकेत झालेल्या मोठ्या ग्रामीण उठावांत त्याची गणना होते. पण त्या काळी फ्रान्समध्ये त्याची वार्ता फारशी पोहोचली नाही.

बोगांदा व स्वातंत्र्य : आधुनिक राजकारणाचा प्रारंभ बार्तेलेमी बोगांदा (१९१०–५९) याच्यापासून होतो. लोबायेतील बोबांगी या गावी म्बाका कुळात त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो पोरका झाला. त्याची आई रबर-कंपनीच्या रक्षकांच्या मारहाणीत मेली असे सांगतात. मिशनऱ्यांनी त्यास वाढविले व १९३८ मध्ये तो ऊबांगीतील पहिला आफ्रिकी कॅथलिक धर्मगुरू झाला. १९४६ मध्ये फ्रेंच राष्ट्रीय सभेवर निवडून गेल्यावर त्याने वेठबिगार, सक्तीचा कापूस व मनमानी अटक यांविरुद्ध सतत आवाज उठविला. १९४९ मध्ये त्याने ‘मेझान’ (कृष्ण आफ्रिकेच्या सामाजिक विकासाची चळवळ) हा पक्ष स्थापन केला. पुढच्याच वर्षी एका फ्रेंच स्त्रीशी विवाह करून त्याने धर्मगुरुपद सोडले. जानेवारी १९५१ मध्ये सहकारी संस्था व युरोपीय व्यापारी यांच्यातील तंट्यावरून त्यास अटक झाली. परिणामी त्याची लोकप्रियता इतकी वाढली की, त्याच वर्षीच्या निवडणुकीत तो पुन्हा निवडून आला. १९५४ मध्ये बर्बेराती येथे एका युरोपीयाच्या घरी दोन आफ्रिकी नोकरांचा मृत्यू झाल्यावर दंगल उसळली, तेव्हा ती शमविण्यास फ्रेंच अधिकाऱ्यांना बोगांदालाच बोलवावे लागले. गोऱ्यास व काळ्यास एकच न्याय लागू होईल असे आश्वासन त्याने दिल्यावर जमाव पांगला.

‘झो क्वे झो’ म्हणजे ‘प्रत्येक माणूस हा माणूसच’ हे त्याचे सांगो भाषेतील घोषवाक्य होते. ज्या समाजात माणसाची किंमत रबराच्या वजनावर ठरत आली, तेथे या साध्या वाक्याला विलक्षण अर्थ होता. बोगांदाची दृष्टी ऊबांगीपुरती मर्यादित नव्हती. हा भूवेष्टित, दरिद्री प्रदेश एकटा टिकणार नाही हे तो ओळखून होता. म्हणून फ्रेंच विषुववृत्तीय आफ्रिकेच्या चारही वसाहतींचे मिळून एक राष्ट्र व्हावे आणि पुढे त्यात बेल्जियन काँगो व अंगोला यांनीही यावे, अशी योजना त्याने मांडली. ‘मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक’ हे नाव त्याने या संयुक्त राष्ट्रासाठी योजिले होते. गाबाँ, काँगो व चॅड यांनी नकार दिल्यावर १ डिसेंबर १९५८ रोजी ते एकट्या ऊबांगी-शारीने धारण केले. आजचा देश अशा रीतीने एका न झालेल्या मोठ्या राष्ट्राचे नाव बाळगून आहे.

२९ मार्च १९५९ रोजी बर्बेरातीहून बांगीस येत असताना बोगांदा विमान-अपघातात मरण पावला. अपघाताविषयीचा संशय कधीही पूर्णपणे दूर झाला नाही. त्याचा सहकारी आबेल गूम्बा यास बाजूस सारून दाव्हिद दाको हा त्याचा नातलग व माजी शिक्षक सत्तेवर आला. १३ ऑगस्ट १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. दाकोने गूम्बाच्या पक्षावर बंदी घातली, १९६२ मध्ये एकपक्षीय राजवट आणली आणि १९६४ मध्ये प्रतिस्पर्ध्याविना निवडून आला. बोगांदाची चळवळ अशा तऱ्हेने चारपाच वर्षांत सरकारी पक्ष होऊन बसली. पुढील प्रत्येक राज्यकर्त्याने बोगांदाचे चित्र भिंतीवर लावले. त्याचे वाक्य मात्र कोणीही आचरणात आणले नाही.

लष्करी राजवटी : ३१ डिसेंबर १९६५ च्या रात्री सेनाप्रमुख झां बेदेल बोकासा याने सत्ता हस्तगत केली. तोही बोबांगीचाच व बोगांदाचा आप्त. त्याच्या वडिलांना १९२७ मध्ये वेठीस विरोध केल्याबद्दल फ्रेंच ठाण्यावर मरेपर्यंत मारण्यात आले होते आणि आईने त्या दुःखात आत्महत्या केली होती. असा मुलगा पुढे फ्रेंच सैन्यात शिरून इंडोचायनात लढला व त्याने द गॉलला पित्यासमान मानले. संविधान रद्द झाले. बोकासा १९७२ मध्ये तहहयात अध्यक्ष व १९७४ मध्ये मार्शल झाला. १९७५-७६ मध्ये त्याने एलिझाबेत दोमित्यँ या स्त्रीस पंतप्रधान नेमले. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील ती पहिली स्त्री पंतप्रधान. ४ डिसेंबर १९७६ रोजी देश ‘साम्राज्य’ म्हणून घोषित झाला आणि बरोबर एक वर्षाने नेपोलियनच्या धर्तीवर राज्याभिषेक झाला. त्याचा खर्च सु. २ कोटी डॉलर असल्याचे सांगण्यात येते व त्यातील मोठा भार फ्रान्सने उचलला. जगातील वृत्तपत्रांनी गरुडाकृती सिंहासनाची थट्टा केली. परंतु ही राजवट केवळ एका विक्षिप्ताचा खेळ नव्हती. हिरे, युरेनियमचे साठे व लष्करी तळ यांसाठी ती पोसली गेली होती.

१९७९ च्या जानेवारीत महागडे शालेय गणवेश सक्तीचे करण्यावरून बांगीत विद्यार्थ्यांची निदर्शने झाली व त्यांवर गोळीबार झाला. एप्रिलमध्ये पकडलेल्या मुलांपैकी सु. शंभर जण न्गारागबा तुरुंगात मारले गेले. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने मे महिन्यात ही गोष्ट उघडकीस आणली आणि आफ्रिकी न्यायाधीशांच्या आयोगाने तिला दुजोरा दिला. बोकासा लिबियात असताना २०–२१ सप्टेंबरच्या रात्री फ्रेंच सैनिकांनी बांगी ताब्यात घेऊन दाकोला पुन्हा गादीवर बसविले. बोकासाने दिलेल्या हिऱ्यांचे प्रकरण फ्रान्सचे अध्यक्ष झीस्कार देस्तँ यांना १९८१ च्या निवडणुकीत भोवले. १९८६ मध्ये बोकासा आपण होऊन परतला. खटल्यात खून व अपहार सिद्ध झाले. नरमांसभक्षणाचा आरोप, ज्याची जगभर सर्वाधिक चर्चा झाली होती, सिद्ध झाला नाही. त्याची फाशी रद्द होऊन १९९३ मध्ये सुटका झाली व १९९६ मध्ये तो मरण पावला.

१ सप्टेंबर १९८१ रोजी जनरल आंद्रे कोलिंग्बा याने दाकोकडून सत्ता घेतली. त्याच्या काळात लष्करात, विशेषतः अध्यक्षांच्या रक्षकदलात, याकोमा लोकांची भरती बेसुमार झाली. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय दबावाखाली झालेल्या निवडणुकीत उत्तरेकडील आंझ फेलीक्स पातासे विजयी झाला. मतपेटीद्वारा झालेले देशातील हे पहिले सत्तांतर. दुर्दैवाने पातासेनेही उत्तरेकडील माणसांचे वेगळे रक्षकदल उभारले. पगार थकलेल्या सैनिकांनी १९९६ मध्ये तीनदा बंड केले. मे २००१ मधील कोलिंग्बाच्या फसलेल्या उठावानंतर बांगीतील याकोमा वस्त्यांवर सूड उगविण्यात आला. १५ मार्च २००३ रोजी पातासे परदेशी असताना माजी सेनाप्रमुख फ्रांस्वा बोझीझे याने चॅडच्या साहाय्याने राजधानी घेतली. २००५ व २०११ मध्ये तो निवडूनही आला, पण त्याची सत्ता बांगीच्या परिसरापलीकडे क्षीण होती.

गृहयुद्ध : ईशान्येच्या वाकागा प्रांतात रस्ते, शाळा व दवाखाने जवळजवळ नव्हते. तेथील मुस्लिमांना राजधानीत जाताना प्रत्येक नाक्यावर चॅडी परके समजून पैसे उकळले जात. या असंतोषातून उठलेल्या टोळ्या डिसेंबर २०१२ मध्ये ‘सेलेका’ (सांगो भाषेत युती) या नावाने एकत्र आल्या व २४ मार्च २०१३ रोजी त्यांनी बांगी जिंकली. गुला जमातीचा मिशेल ज्योतोदिया हा देशाचा पहिला मुस्लिम अध्यक्ष झाला. सेलेकाने केलेल्या लुटालुटीला व हत्यांना उत्तर म्हणून ‘अँटी-बालाका’ टोळ्या उभ्या राहिल्या. ५ डिसेंबर २०१३ रोजी त्यांनी बांगीवर हल्ला केल्यावर सूडाचे सत्र सुरू झाले. विमानतळाशेजारच्या छावणीत सु. एक लक्ष लोक गोळा झाले. पश्चिम भागातील बहुतेक मुस्लिम चॅड व कॅमेरूनकडे पळाले आणि बांगीतील उरलेले ‘पीके-५’ या एका वस्तीत अडकले. मार्च २०१५ मध्ये देण्यात आलेल्या आकड्यांनुसार देशातील ४३६ मशिदींपैकी ४१७ नष्ट झाल्या होत्या. या संघर्षास धर्मयुद्ध म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. बांगीचे आर्चबिशप न्झापालाइंगा, इमाम कोबीन लायामा व एक प्रॉटेस्टंट धर्मगुरू या तिघांनी बरोबरीने गावोगाव फिरून हत्या थांबविण्याचा प्रयत्न केला. कोबीन लायामांना आर्चबिशपांनी कित्येक महिने आपल्या निवासात आश्रयही दिला.

जानेवारी २०१४ मध्ये ज्योतोदियाने राजीनामा दिला व बांगीच्या महापौर कातरीन साम्बा-पांझा अंतरिम अध्यक्षा झाल्या. संयुक्त राष्ट्रांची ‘मिनुस्का’ ही शांतिसेना त्याच वर्षी आली. नव्या संविधानानुसार २०१६ मध्ये गणिताचे प्राध्यापक व माजी पंतप्रधान फोस्तँ आर्काँझ त्वादेरा निवडून आले. २०१८ पासून त्यांनी रशियाचे लष्करी प्रशिक्षक व खाजगी सैनिक यांवर भर दिला. १४ सशस्त्र गटांशी फेब्रुवारी २०१९ मध्ये करार झाला, परंतु डिसेंबर २०२० च्या निवडणुकीपूर्वी बोझीझेची उमेदवारी फेटाळली जाताच त्यांपैकी प्रमुख गट पुन्हा लढाईस उतरले. त्वादेरा विजयी ठरले. डिसेंबर २०२२ मध्ये अखेरची फ्रेंच तुकडी देश सोडून गेली.

शासनव्यवस्था : फ्रेंच पद्धतीवरील अध्यक्षीय शासन, प्रांताधिकारी व विधिसंहिता ही चौकट स्वातंत्र्यापासून कायम आहे. २०१६ च्या संविधानाने अध्यक्षास पाच वर्षांच्या दोनच मुदती दिल्या होत्या. त्यात बदल करण्यासाठी नेमलेली समिती संविधान-न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये अवैध ठरविली. पुढच्याच महिन्यात न्यायालयाच्या अध्यक्षा दान्येल दार्लां यांना पदावरून दूर करण्यात आले. ३० जुलै २०२३ च्या सार्वमताने संमत झालेल्या संविधानान्वये अध्यक्षाची मुदत सात वर्षांची झाली, मुदतींची मर्यादा गेली आणि अध्यक्षाने नेमावयाच्या उपाध्यक्षाचे पद निर्माण झाले. अध्यक्षपदाचा उमेदवार मूळचा मध्य आफ्रिकी व अन्य नागरिकत्व नसलेला असावा, अशी अटही त्यात आहे. विरोधी पक्षांनी या सार्वमतावर बहिष्कार घातला होता.

युद्धगुन्ह्यांच्या चौकशीसाठी देशी व परदेशी न्यायाधीशांचे विशेष फौजदारी न्यायालय बांगी येथे स्थापन झाले. वायव्येकडील लेमुना व कुंजिली या गावांत मे २०१९ मध्ये झालेल्या हत्याकांडाबद्दल ‘३-आर’ या गटाच्या तिघांना ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी त्याने शिक्षा दिली; त्याचा हा पहिला निकाल. हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये अँटी-बालाकाचे दोन पुढारी, आल्फ्रेड येकातोम व देशाच्या फुटबॉल महासंघाचे माजी अध्यक्ष पात्रिस एदुआर एन्गाइसोना, यांना अनुक्रमे १५ व १२ वर्षांची शिक्षा ठोठावली.